गोधडी शिकताना : मोबाईल, वही आणि शेजारच्या आजी

मंगलसुत्त आपण प्रत्येक कार्यक्रमात म्हणतो. तथागतांनी त्यात जी मंगले सांगितली आहेत, त्यांत बहुश्रुतपणाच्या जोडीला शिल्प, म्हणजे हाताचे कसब, हेही आहे. आपल्या समाजाने पहिले मंगल मनावर घेतले आणि पोटाला चिमटा घेऊन मुले शिकवली. दुसऱ्याकडे मात्र थोडे दुर्लक्ष झाले. त्याला कारणही तसेच होते. आपल्याकडे हाताचे काम जन्माला बांधलेले होते. जातिव्यवस्था माणसाला आपला व्यवसाय निवडू देत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'अनाहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले. म्हणूनच आमची आई म्हणायची, "तू पेन धर. सुई-दोरा आमच्यापुरता राहू दे."

आम्ही पेन धरले. बी. ए. झालो, बँकेत लिपिक म्हणून लागलो. नांदेड जिल्ह्यातले गाव सुटले आणि लातूरला बिऱ्हाड झाले. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत धुऊन घडी घातलेली चार सुती लुगडी निघाली. तिने शिवलेली शेवटची गोधडी विरत चालली होती आणि नवी शिवणारे घरात कोणी उरले नव्हते. शेवटी आम्ही उभयतांनी मोबाईल समोर ठेवून गोधडी शिकायचे ठरवले. त्यातून जे उमगले ते सभासद बंधुभगिनी व विद्यार्थ्यांपुढे मांडत आहोत.

प्रथम शोधाविषयी. यूट्यूब २००५ साली सुरू झाले. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला तसे ते खेड्यापाड्यांत पोचले. तेथे 'क्विल्ट' हा शब्द टाकला की परदेशी पद्धत समोर येते. तिच्यात दोन कापडांमध्ये कापसाचा तयार थर असतो आणि शिलाई बहुधा यंत्राची असते. 'गोधडी' किंवा 'वाकळ' असे मराठीत लिहिले, की आपल्याकडच्या बायाबापड्या जमिनीवर बसून शिवताना दिसतात. दहा जणींचे पाहिले तर गोंधळ होतो. म्हणून शिकवणारी एकच निवडावी. चित्रफीत आधी पूर्ण पाहावी. मग वेग अर्धा करून, थांबवत थांबवत पाहावी आणि प्रत्येक पायरी वहीत उतरवावी. विद्यार्थ्यांना ही रीत नवी नाही. परीक्षेचा अभ्यास असाच होतो. नुसते पाहून 'समजले' वाटते, पण हाताला ते समजलेले नसते. त्यासाठी आधी वीतभर चौकोन शिवून पाहावा.

आता कृती. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले आणि दोन-दोन जोडले, की वरची व खालची बाजू तयार होते. मध्ये जुनी धोतरे, चादरी, मऊ झालेले सदरे उसवून पसरावेत. कापड सुतीच असावे. टेरिकॉट घाम शोषत नाही. रंगाची खात्री नसेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. सारे थर जमिनीवर पसरून हाताने सुरकुत्या काढाव्यात, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवावे आणि लांब कच्चे टाके घालून थर पक्के करावेत. मग जाड सुईने धावदोरा घालायचा. कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेरे घेत मध्याकडे यावे. कच्चे टाके शेवटी काढून टाकावेत. दोरा आम्ही गंजगोलाईतून आणला.

पहिल्या प्रयत्नात आमची गोधडी चुण्या पडून आखडली. चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली, पण चूक सापडेना. तेव्हा शेजारच्या आजींना बोलावले. त्यांनी मोबाईलकडे पाहिलेही नाही. शिवलेल्या भागावर तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "दोरा ओढू नको रे बाळा, बसू दे." टाका कुठे घालायचा हे पडदा दाखवतो; दोरा किती ताणायचा हे पडद्यावर दिसत नाही. तीन फेरे उसवून पुन्हा घातले.

चिंध्या जोडण्याच्या कामाला कोणी हलके समजू नये. मगधातील बांध घातलेली शेते पाहून भगवंतांनी भिक्खूंचे चीवर तसे करता येईल का, असे आनंदांना विचारले, आणि आनंदांनी तुकडे जोडून ते केले, असे विनयपिटकात आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यातील जीज बेंड येथे गुलामांच्या वंशातील कृष्णवर्णीय स्त्रिया कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. १९६६ साली त्या भागात 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभी राहिली. २००२ साली जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या.

कोणाला यातून चार पैसे मिळवायचे असतील तर बँकेतल्या माणसाचे दोन शब्द. 'घरबसल्या काम देतो, आधी नोंदणी फी भरा' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार हे ओळखावे. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये ग्रामीण तरुणांना विनामूल्य प्रशिक्षण मिळते, तेथे चौकशी करावी.

आमची गोधडी दोन महिन्यांच्या रविवारांत पुरी झाली. टाके वाकडे आहेत. प्रवेश परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी रात्री तीच पांघरते आणि आजीच्या लुगड्याचा काठ गळ्याशी ओढून घेते. आईने आम्हाला सुईपासून दूर ठेवले ते योग्यच होते, कारण तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. आज पेन हाती आहे. सुई आपल्या मर्जीने उचलता येते. चित्रफिती उद्याही राहतील. मात्र घरात, शेजारी कोणी आजी असतील, तर पहिला चौकोन या आठवड्यातच त्यांना दाखवावा.