भीती कळते, पण भिडत नाही

‘मुंबई क्राइम ब्रँचमधून बोलतोय, तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय.’ पुण्यात अनेक ज्येष्ठांची आयुष्यभराची पुंजी फोनवरच अटक केल्याचं भासवणाऱ्या या ‘डिजिटल अरेस्ट’नं गिळली. अशी अटक कायद्यात नाहीच. फोन ठेवून १९३० वर तक्रार करायची. पण ठेववत नाही. मुलं परदेशात, घरी दोघंच, हे समोरच्यानं चार वाक्यांत काढून घेतलेलं असतं. ऐकणाऱ्याचा आवाज थरथरला की फोनवरचा माणूस सूर बदलतो : ‘काका, घाबरू नका, साहेबांशी मी बोलतो.’

ही नस सापडते कशी? दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं वेगळं आणि त्याच्या दुःखानं आपल्या पोटात कालवणं वेगळं, असं मानसशास्त्र सांगतं. सायकोपॅथ म्हणवल्या जाणाऱ्या, दुसऱ्याच्या दुःखानं सहसा न हलणाऱ्या माणसांत दुसरी गोष्ट कमी, पहिली बहुधा शाबूत. ती मनकवडी असतात हा मात्र गैरसमज.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये सायकोपॅथ गुन्हेगारांचे मेंदू तपासले. दुसऱ्याची वेदना नुसती पाहताना ते इतरांपेक्षा थंड होते. ‘त्याला काय वाटतंय ते अनुभवा’ म्हटल्यावर जवळजवळ इतरांसारखेच जागे झाले. मला यातलं हेच सर्वांत अस्वस्थ करतं : क्षमता होती, ती आपणहून चालू होत नव्हती.