पॅरिसने भाड्याच्या ई-स्कूटर हद्दपार का केल्या? प्रश्न स्कूटरचा नव्हता, फुटपाथचा होता

ॲप उघडायचं, रस्त्याकडेची ई-स्कूटर स्कॅन करायची, निघायचं आणि काम झालं की उतरलो तिथेच सोडून द्यायची. ठरलेला स्टँड नाही, म्हणून ही सेवा 'डॉकलेस'. चालवणाऱ्याची सोय झाली. पण ती स्कूटर फुटपाथवर आडवी पडली असेल, तर काठी टेकत चालणाऱ्या आजोबांनी जायचं कुठून?

नेमक्या याच प्रश्नावर जगभरातल्या शहरांना नियम करावे लागले.

आधी गाड्या, मग परवाने

मार्च २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बर्ड, लाइम आणि स्पिन या कंपन्यांनी परवान्याची वाट न पाहता स्कूटर रस्त्यावर आणल्या. तक्रारींचा पाऊस पडला. जूनमध्ये शहराने त्या काढायला लावल्या आणि ऑगस्टमध्ये परवाने दिले ते स्कूट आणि स्किप या वेगळ्याच दोन कंपन्यांना. सुरुवातीला प्रत्येकी फक्त ६२५ स्कूटर.

शहरांच्या हातात काय असतं?

संख्या : किती कंपन्या आणि किती गाड्या, हे परवान्यातच ठरतं.

पार्किंग : ठरलेल्या जागेतच गाडी सोडायची. सॅन फ्रान्सिस्कोने तर स्कूटर सायकल रॅकला कुलपाने अडकवणं सक्तीचं केलं.

वेग : जीपीएसमुळे गर्दीच्या भागात शिरताच गाडीचा वेग आपोआप कमी होतो.

डेटा : कुठे किती गाड्या उभ्या आहेत, याची माहिती कंपनीने शहराला द्यायची. त्यासाठीचा सामायिक नमुना लॉस एंजेलिसने २०१८ मध्ये तयार केला.

शुल्क : सार्वजनिक जागा वापरता, तर पैसे भरा.

पॅरिसचं काय झालं?

पॅरिसने यातलं बरंच काही करून पाहिलं. २०२० मध्ये फक्त लाइम, डॉट आणि टियर या तीन कंपन्या ठेवल्या, प्रत्येकी ५,००० स्कूटर. पार्किंगसाठी सुमारे २,५०० जागा आखल्या. वेगमर्यादा ताशी २० किलोमीटर, गर्दीच्या भागात १०. तरीही अपघात आणि तक्रारी थांबल्या नाहीत. जून २०२१ मध्ये स्कूटरच्या धडकेने पायी चालणाऱ्या एका तरुणीचा जीव गेला.

२ एप्रिल २०२३ रोजी महापौर ॲन हिदाल्गो यांनी लोकांचा कौल घेतला. सुमारे ८९ टक्के मतं स्कूटरच्या विरोधात पडली. मतदानाला आले मात्र ८ टक्क्यांहून कमी मतदार. तरी निकाल मान्य झाला आणि सप्टेंबरपासून भाड्याच्या स्कूटर बंद झाल्या. स्वतःची स्कूटर चालवायला बंदी नाही. भाड्याच्या डॉकलेस सायकलीही सुरूच राहिल्या.

आणि आपल्याकडे?

पुण्यात २०१७च्या डिसेंबरमध्ये डॉकलेस सायकली आल्या. पेडल, ओफो, मोबाईक अशी नावं रस्तोरस्ती दिसू लागली. पुढे मोडतोडीच्या आणि चोरीच्या बातम्या आल्या आणि कंपन्या एकेक करून निघून गेल्या.

आपल्या फुटपाथवर आधीच दुचाक्या, टपऱ्या आणि केबलची खोदाई आहे. त्यामुळे उद्या तुमच्या शहरात अशी सेवा आली, तर भाडं किती हे विचारण्याआधी एक प्रश्न नगरसेवकांना नक्की विचारा : या गाड्या उभ्या कुठे राहणार आणि वाट अडली तर उचलणार कोण?