एमटीबीला ड्रॉप हँडल? आधी ब्रेक बघा

जुनी स्टीलची एमटीबी घेऊन नागपूरहून अमरावती रोडला लांब राइड मारायची, तर ड्रॉप हँडलचा मोह होतोच. जॉन टोमॅक १९९० मध्ये असंच हँडल लावून माउंटन बाइकच्या शर्यतीत उतरला होता. पण जुने लिव्हर त्यावर बसत नाहीत: साध्या हँडलची नळी २२.२ मिमी, ड्रॉपची २३.८. म्हणून रोडचे लिव्हर घ्यायचे; ते केबल कमी ओढतात. बदललं हँडल, हललं ब्रेकचं गणित! जुन्या कँटिलिव्हरला तेवढी ओढ पुरते, व्ही-ब्रेकला नाही. पॅड रिमवर नीट दाबायच्या आधीच लिव्हर हँडलला टेकतो. पॅड रिमला अगदी चिकटवून ठेवणं हा निव्वळ जुगाड. चाक जरा वाकडं असलं की घासणारच. त्यापेक्षा व्ही-ब्रेकसाठीचे लाँग-पुल लिव्हर शोधा. हात पुढे जातात, म्हणून स्टेमही आखूड लागेल, पण ते नंतर.