आयसीयूनंतरचे दिवस : कोणाला काय मिळतं

दुखणं कोणतं? जीव वाचल्यावरही मागे राहणारा अशक्तपणा, विसराळूपणा, झोपमोड, भीती, नैराश्य. 2012 पासून याला 'पोस्ट इन्टेन्सिव्ह केअर सिंड्रोम' म्हणतात. घरच्यांच्या मनावर होणारा परिणामही त्यात धरतात, आणि ते योग्यच आहे.

स्नायू : लंडनमधल्या 2013 च्या अभ्यासात गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू 10 दिवसांत सुमारे 18 टक्के घटलेला आढळला. भरून यायला महिने लागतात. त्यासाठी हवा नियमित व्यायाम आणि हवीत पुरेशी प्रथिनं : डाळ, दूध, अंडी.

रजा :
• ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) पात्र कामगार : आजारपणात सरासरी मजुरीच्या 70 टक्के रक्कम, वर्षात 91 दिवसांपर्यंत.
• नाक्यावरचा मजूर, घरकामगार : बहुतेकांना पगारी रजाच नाही.
• ऊसतोड कामगार : मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल ऊस तोडून फेडायची. 'कोयता' म्हणजे तोडणीचं एकक, बहुधा नवरा-बायकोच्या जोडीचं. एक अंथरुणाला खिळला की जोडीचं काम अडतं, उचल मात्र अंगावर राहते.

योजना : आयुष्मान भारत (2018) पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचं संरक्षण देते. घरी सोडल्यावर 15 दिवसांपर्यंतचा पाठपुरावा त्यात येतो. पुढे महिनोन्‌महिने लागणारी बाह्यरुग्ण फिजिओथेरपी येत नाही.

अंतर : गावात फिजिओथेरपिस्ट नसेल तर तालुका किंवा जिल्हा गाठावा लागतो. एकट्याने एसटीत चढता येत नाही, म्हणून सोबत माणूस. त्या दिवशी त्याचीही मजुरी बुडते.