निविदेतली अट लिहिताना
सरकारी खरेदीतलं करिअर : भाग 5

मागच्या भागात आपण गरज नोंदवण्यापासून अंदाजपत्रकाला प्रशासकीय मान्यता मिळेपर्यंतचे टप्पे पाहिले. आता निविदेचा मसुदा करायचा आहे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना वाटतं, की खरी कसोटी लिफाफे उघडतात त्या दिवशी लागते. माझ्या मते ती त्याच्या कितीतरी आधी लागते. निविदा कोणाला भरता येईल, हे ठरवणारी चार वाक्यं लिहिली जातात तेव्हाच निम्मा न्याय किंवा निम्मा अन्याय होऊन गेलेला असतो.

मुंबई विमानतळाचं एक प्रकरण प्रत्येक खरेदी अधिकाऱ्याने वाचलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने जानेवारी 1977 मध्ये तिथे द्वितीय श्रेणीचं उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवण्यासाठी निविदा मागवल्या. निविदा भरणारा नोंदणीकृत द्वितीय श्रेणीचा हॉटेलचालक असावा आणि त्याला किमान 5 वर्षांचा अनुभव असावा, अशी अट होती. 6 निविदा आल्या. सर्वांत जास्त परवाना शुल्क देऊ करणाऱ्याला कँटीन चालवण्याचा दांडगा अनुभव होता, पण अटीत म्हटलेला हॉटेलचालक तो नव्हता. तरीही काम त्यालाच मिळालं.

रमण दयाराम शेट्टी खटला म्हणून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्या. पी. एन. भगवती यांनी 1979 मध्ये दिलेल्या निकालाने तत्त्व घालून दिलं : सरकारी संस्थेने स्वतः जाहीर केलेला निकष तिलाही बांधतो, तो मनमानीपणे मोडणं राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 च्या विरुद्ध आहे. कारण साधं आहे. अट वाचून ‘आपण यात बसत नाही’ म्हणून जे घरीच थांबले, त्यांना ती पुढे सैल होणार हे कळलं असतं तर त्यांनीही निविदा भरली असती. मात्र अर्जदार न्यायालयात उशिरा आला होता आणि तोवर कंत्राटदाराने पैसे गुंतवले होते, त्यामुळे कंत्राट रद्द झालं नाही. तत्त्व टिकलं, पण त्या निविदेपासून दूर राहिलेल्यांच्या हाती काही पडलं नाही. म्हणून न्यायालयाच्या भरवशावर राहू नये. मसुदा लिहितानाच अट पारखून घ्यावी.

ती पारखायची कशी? प्रत्येक अटीला एकच प्रश्न विचारा : ही अट सरकारला नेमक्या कोणत्या धोक्यापासून वाचवते? उत्तर देता आलं तर अट ठेवा. ‘मागच्या निविदेत होती’ हे उत्तर नव्हे.

बांधकामांसाठी केंद्रीय दक्षता आयोगाने 2002 मध्ये दिलेली मोजपट्टी इथे उपयोगी पडते. मागच्या 7 वर्षांत तशाच प्रकारची 3 कामं अंदाजित रकमेच्या 40 टक्क्यांची, किंवा 2 कामं 50 टक्क्यांची, किंवा 1 काम 80 टक्क्यांचं पूर्ण केलेलं असावं. 3 वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित रकमेच्या 30 टक्के असावी. समजा, 10 कोटींची शाळा बांधायची आहे. मग 4 कोटींच्या 3 इमारती बांधलेला जिल्ह्यातला कंत्राटदार पात्र ठरतो. त्याच कामाला 30 कोटींची उलाढाल मागितली, तर तो बाहेर पडतो आणि दोन-तीन बड्या कंपन्या उरतात. मग दर चढतो आणि तो फरक करदात्याच्या खिशातून जातो. उलट अनुभवाची अटच काढून टाकली, तर काम अर्धवट सोडून जाणारा कंत्राटदार सर्वांत कमी दर देऊन पुढे येतो.

वस्तूंच्या खरेदीत हाच खेळ तांत्रिक विनिर्देशात चालतो. शाळेसाठी बाक घ्यायचे आहेत आणि कोणीतरी एका कंपनीच्या माहितीपत्रकातली मापं मिलिमीटरपर्यंत उतरवून काढतं. कंपनीचं नाव कुठेच नसतं, तरी पुरवठादार ठरून जातो. बाकावर किती मुलं बसणार, किती वजन पेलायला हवं, लाकूड किंवा पोलाद कोणत्या मानकाचं, हे लिहिलं असतं तर गावाकडचा कारखानदारही स्पर्धेत राहिला असता. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधला नियम 144 हेच सांगतो : विनिर्देशाने मूळ गरज भागावी, अनावश्यक वैशिष्ट्यं घालून खर्च वाढवू नये. राज्यात उद्योग विभागाची 1 डिसेंबर 2016 ची खरेदी नियमपुस्तिका आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

मसुदा प्रसिद्ध झाल्यावरही सुधारणेची वाट खुली असते. निविदापूर्व बैठकीत पुरवठादार शंका मांडतात. शंका रास्त असेल तर शुद्धिपत्रक काढावं, ते सर्वांना एकाच वेळी दिसावं आणि गरज असेल तर मुदत वाढवावी. शुद्धिपत्रक काढण्यात कमीपणा नाही. लिफाफे उघडल्यावर मात्र अटीला हात लावायचा नाही.

आता करिअरचं. या कौशल्याला वाव अनेक ठिकाणी आहे. एमपीएससीतून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत जाणारे, सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा विभागांतले अभियंते, रेल्वेची भांडार शाखा, महापालिकांचे खरेदी विभाग. फरिदाबादची अरुण जेटली राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्था अधिकाऱ्यांना या विषयाचं प्रशिक्षण देते. समोरच्या बाजूला कंपन्यांचे टेंडर विभाग असतात आणि तिथेही अट बारकाईने वाचून योग्य शंका वेळेत मांडणाऱ्या माणसाला मागणी असते. लेखापरीक्षक तर याच अटी अनेक वर्षांनी पुन्हा तपासतो. त्याच्यासाठी नस्तीत प्रत्येक अटीचं कारण टिपणीत लिहून ठेवावं. प्रामाणिक अधिकाऱ्याला पुढे तीच टिपणी सांभाळते.

या आठवड्याचा सराव : महाटेंडर्स संकेतस्थळावरून तुमच्या तालुक्यातली एखादी निविदा उतरवून घ्या. पात्रतेच्या प्रत्येक अटीपुढे ती कोणता धोका टाळते ते एका ओळीत लिहा. ज्या अटीपुढची ओळ कोरी राहील, तिच्यामुळे कोण बाहेर राहिलं असेल याचा शोध घ्या. पुढच्या भागात आपण तांत्रिक आणि आर्थिक लिफाफ्यांची छाननी पाहू.