वाळवंटातला हिवाळा सरासरीत मावत नाही

डिसेंबर उजाडला की भारतीय हवामान विभाग हिवाळ्याचा अंदाज जाहीर करतो. फेब्रुवारीअखेरपर्यंत देशाच्या कोणत्या भागात किमान तापमान सरासरीच्या वर राहील, कुठे खाली जाईल, थंडीच्या लाटेचे दिवस वाढतील की घटतील, हे नकाशांवर रंगांनी दाखवलेले असते. त्यातला पश्चिम राजस्थानचा, म्हणजे थरच्या वाळवंटाचा तुकडा पाहून बातमीचा मथळा होतो, ‘यंदा थंडी कमी’. हा मथळा खोटा नसतो, पण जैसलमेर, बाडमेर, बिकानेर किंवा चुरूच्या शेतकऱ्याच्या हाती त्यातून फार थोडे लागते. वाळवंटातला हिवाळा घडतो तो दोन-तीन पावसांनी आणि बोटांवर मोजता येतील अशा गोठवणाऱ्या रात्रींनी. तीन महिन्यांची सरासरी नेमकी त्यांनाच पुसून टाकते.

याचे कारण तिथल्या हवेत आणि वाळूत आहे. जमिनीने दिवसभर घेतलेली उष्णता रात्री परत आकाशात जाते. दमट हवा आणि ढग तिला अडवून धरतात. थरवर बहुतेक रात्री यांपैकी काहीच नसते. कोरडी वाळू उष्णता खोलवर साठवतही नाही, त्यामुळे दुपारी सुखद वाटणारे ऊन मावळले की पारा भराभर उतरतो. दिवस-रात्रीच्या तापमानात 15 अंशांचा फरक तिथे नवलाचा नाही. त्यात भर पडते पश्चिमी झंझावातांची. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेल्या या प्रणाली इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत हिवाळ्यात महिन्याला साधारण चार-पाच या हिशेबाने उत्तर भारतात येतात. त्यांची बहुतेक ओल हिमालयावर बर्फ होऊन पडते. थरच्या वाट्याला कधी नुसते ढग येतात, कधी एखादी सर. ढग असतात तोवर रात्री उबदार राहतात. झंझावात पुढे सरकला की आकाश निवळते, उत्तरेचे बर्फाळ वारे घुसतात आणि एक-दोन दिवसांत पारा कोसळतो. हेच वारे खाली उतरले की नाशिकजवळच्या निफाडचा पारा घसरतो आणि द्राक्षबागायतदार धास्तावतो. उबदार आणि गोठलेल्या रात्री एकत्र मिळवून सरासरी काढली, तर आकडा अगदी निरुपद्रवी दिसतो.

2022-23चा हिवाळा पाहावा. प्रशांत महासागरात ला निना सलग तिसऱ्या हिवाळ्यात टिकून होती आणि ला निना म्हणजे उत्तर भारतात कडक थंडी, असा सर्वसाधारण अनुभव आहे. जानेवारीच्या मध्याला चुरूचा पारा शून्याखाली गेलाही. पण पाठोपाठ आलेला फेब्रुवारी, देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या हिशेबाने, 1901पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. पुढच्या वर्षी एल निनो होता. तो असताना वायव्य भारतात हिवाळी पाऊस-बर्फ वाढण्याकडे कल असतो. प्रत्यक्षात जानेवारी 2024मध्ये गुलमर्गचे उतार बराच काळ उघडे पडले होते. महासागराचा कौल हंगामाचा कल थोडासा झुकवतो. कोणत्या आठवड्यात काय होईल हे त्याच्या हातात नसते.

पावसाचा आकडा तर आणखी फसवा. थरमध्ये वर्षाचा बहुतेक पाऊस मोसमी वारेच देतात. मावठ म्हणून ओळखला जाणारा हिवाळी पाऊस काही मिलिमीटरच असतो. समजा, एखाद्या जिल्ह्याची हिवाळ्याची सरासरी 8 मिलिमीटर आहे. एका रात्रीत 16 पडले की नोंद होते ‘सरासरीच्या 200 टक्के’. तेवढी एक सर हुकली की उणे 100. हा पाऊस जानेवारीच्या सुरुवातीला आला तर हरभरा आणि मोहरीला जीवदान. तोच फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये आला तर काढणीला आलेल्या इसबगोलाचे बी ओलाव्याने फुगते, गळते आणि हाती आलेले पीक मातीत जाते. टक्केवारी दोन्ही वेळा एकच. जिऱ्याची गोष्ट याहून नाजूक. आपल्या फोडणीतले जिरे बहुतांशी राजस्थान आणि गुजरातमधून येते. या पिकाला कोरडी, थंड हवा मानवते, पण फुलोऱ्यात दव गोठले तर ते जळते आणि सलग तीन-चार दिवस ढगाळ, दमट गेले तर करपा पसरतो. ज्या हिवाळ्याला हंगामी अंदाजात ‘सामान्य’ असे नाव मिळते, त्यातही ही दोन्ही संकटे येऊ शकतात.

यावर कोणी म्हणेल, मग हंगामी अंदाज हवाच कशाला? तो हवा. वीज किती लागेल, चारा कुठे साठवायचा, इंदिरा गांधी कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या कशा लावायच्या, हे निर्णय महिनोन्‌महिने आधी घ्यावे लागतात आणि तिथे शक्यतेचा कलही मोलाचा असतो. पण एकट्या शेतकऱ्याला वर्षाला एकच डाव मिळतो. दहा हंगामांत सहा वेळा खरा ठरणारा अंदाज शासनाला परवडतो, त्याला नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पृथ्वी तापते आहे, थंडी ओसरते आहे, मग दव गोठण्याची चिंता किती दिवस करायची? सरासरी वर गेली तरी निरभ्र आकाश, कोरडी हवा आणि उत्तरेचे वारे कुठे जात नाहीत. उलट डिसेंबर उबदार गेला की मोहरी लवकर फुलावर येते. मग उशिरा आलेली एकच थंड रात्र तिला सर्वांत कोवळ्या अवस्थेत गाठते. अशा वर्षी ‘थंडी कमी’ हा मथळा शेतकऱ्याला बेसावध करतो. मला तो धोकादायक वाटतो तो यासाठी.

म्हणून हंगामी नकाशापेक्षा थरला जास्त गरज आहे ती चार-पाच दिवसांच्या नेमक्या अंदाजाची. झंझावात इराणवर असतानाच उपग्रहाला दिसतो, त्यामुळे एवढा अवधी हाती असतो. शेतकऱ्यांसाठीचा कृषी-हवामान सल्ला आजही दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. गोठवणारी रात्र दोन दिवस आधी कळली तर शेताला हलके पाणी देता येते. ओली माती दिवसाची उष्णता धरून ठेवते आणि पिकाजवळची हवा एक-दोन अंशांनी उबदार राहते. ढगांची चाहूल लागली तर जिऱ्यावर बुरशीनाशकाची फवारणी वेळेत उरकते, मेंढपाळ नव्या कोकरांना आडोशाला नेतो. जोधपूरची केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था 1959पासून याच भूभागाच्या शेतीचा अभ्यास करते आहे, त्यामुळे कोणत्या पिकाला कोणत्या अवस्थेत काय बाधते, हे ज्ञान हाताशी आहे. डिसेंबरच्या हंगामी अंदाजातच ते मिसळायला हवे: सरासरीच्या शेजारी, पारा 4 अंशांखाली जाण्याची शक्यता कोणत्या पंधरवड्यात किती आणि तेव्हा कोणते पीक फुलावर असेल, एवढी एक ओळ जिल्हावार आणि मारवाडीत.