सिंहासनाची छाया आणि धर्माचे राजकारण

अरब जगतातील राजांनी इस्लामी राजकीय चळवळींना केवळ दडपूनच टाकले, ही समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. १९५४ नंतर इजिप्तमध्ये नासर यांनी ‘मुस्लिम ब्रदरहुड’ला तुरुंगात डांबले. जॉर्डनचे राजे हुसेन यांनी १९५७ साली राजकीय पक्षांवर बंदी घातली. पण ब्रदरहुड मात्र धर्मादाय संस्था म्हणून शाबूत राहिली. नासरवादी आणि डावे हे राजाचे तसेच तिचेही शत्रू होते, हे त्यामागील कारण उघड आहे.

१९८९ मध्ये भाववाढीविरुद्ध दंगली उसळल्या आणि राजाला निवडणुका घ्याव्या लागल्या. ब्रदरहुडने ८० पैकी २२ जागा जिंकल्या. १९९१ च्या आरंभी तिचे सदस्य मंत्रीही झाले. परंतु इस्रायलशी समझोत्याची वाटचाल सुरू होताच १९९३ मध्ये मतदानाची पद्धत बदलली. मतदाराच्या हाती एकच मत उरले, ते बहुधा टोळीच्या उमेदवाराकडे गेले आणि इस्लामी गटाचे बळ घटले. पुढच्याच वर्षी तह झाला.

मोरोक्कोची रीत याहून सूक्ष्म आहे. तेथील राजा स्वतःच ‘अमीर-उल-मोमिनीन’, म्हणजे श्रद्धावंतांचा नायक, असल्याने धर्माच्या नावाने त्याला आव्हान देणे कठीण. २०११ च्या आंदोलनानंतर ‘न्याय व विकास पक्षा’ला ३९५ पैकी १०७ जागा मिळाल्या आणि त्याचे नेते बेनकिरान पंतप्रधान झाले. तथापि सैन्य, परराष्ट्र धोरण व धर्मव्यवहार राजवाड्याकडेच राहिले. डिसेंबर २०२० मध्ये इस्रायलशी संबंध जोडण्याचा निर्णय राजाचा. घोषणापत्रावर सही मात्र याच पक्षाचे पंतप्रधान ओथमानी यांची! २०२१ मध्ये पक्षाच्या १२५ जागांच्या अवघ्या १३ झाल्या.

सत्ता न देता जबाबदारी द्यायची आणि अपयशाचे खापर दुसऱ्याच्या माथी फोडायचे, हे या नीतीचे मर्म होय. या चळवळी लोकशाहीच्या निस्सीम उपासक आहेत असे नव्हे. पण त्यांच्यामागे उभा राहणारा मतदार खरा आहे, आणि त्याची बेकारी व पॅलेस्टाइनविषयीचा संतापही खरा आहे. गाझातील युद्ध चालू असताना, सप्टेंबर २०२४ मध्ये, जॉर्डनमध्ये ब्रदरहुडच्या पक्षाने १३८ पैकी ३१ जागा मिळवल्या. एप्रिल २०२५ मध्ये घातपाताच्या कटाचा ठपका ठेवून सरकारने ब्रदरहुडवर संपूर्ण बंदी जाहीर केली. पक्ष तेव्हा विसर्जित झाला नाही, हेही त्या जुन्या नीतीस धरूनच झाले.

संघटनेला कुलूप लावता येते. असंतोषाला लावता येत नाही. बोलण्याची उघडी जागा बंद झाली, तर तो कोणत्या अंधाऱ्या वाटेने जाईल, याचा विचार राजवाड्यांनी वेळीच केलेला बरा.